टेस्टोस्टेरॉन नीट राहावं म्हणून काय खायचं, काय सोडायचं: आपल्याच स्वयंपाकघरातून

पस्तिशी ओलांडली की बरीच पुरुष मंडळी रात्री गुपचूप मोबाईलवर शोधायला लागतात, टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषी हार्मोन कसं वाढवायचं. समोर येतात पावडरीचे डबे, शिलाजीत, कसल्याकसल्या गोळ्या आणि जिमच्या पोरांचे व्हिडिओ. घरात कोणाशी बोलता येत नाही, डॉक्टरकडे जायची लाज वाटते, मग माणूस दोन हजाराचा डबा मागवतो आणि गप्प बसतो. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण जेवणातून जेवढं होण्यासारखं आहे ते सगळं भाकरी, उसळ, अंडी, मासे, तीळ, शेंगदाणे यातूनच होतं, आणि जे जेवणातून होण्यासारखं नाही ते त्या डब्यातूनही होत नाही.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. तुमची लेव्हल मुळात चांगली असेल तर कितीही बदाम खाल्ले, कितीही तूप ओतलं तरी ती अजून वर जाणार नाही. शरीर ती स्वतः धरून ठेवतं. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एलएच नावाचा हार्मोन सोडते, तो रक्तातून वृषणापर्यंत जातो, तिथल्या पेशी कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन बनवतात, आणि पुरेसं झालं की मेंदूला निरोप जातो की आता थांबा. त्यामुळे जेवणाचं काम "वाढवणं" हे नाहीच. जेवणाचं काम आहे ज्या गोष्टी लेव्हल खाली ओढतात त्या काढून टाकणं, म्हणजे पोटाचा घेर, साखर, दारू, झिंकची आणि व्हिटॅमिन डी ची कमतरता, आणि उपाशी राहून वजन उतरवायचा नाद. ज्याच्याकडे यातलं काही आहे त्याला जेवण बदलून खरंच फरक पडतो. वयाप्रमाणे दरवर्षी साधारण एक टक्का कमी होत जाणं हे तिशी-चाळिशीनंतर चालूच असतं, पण चाळिशीतल्या माणसाची लेव्हल सत्तरीतल्यासारखी आली तर त्याचं कारण वय नसतं, बहुतेक वेळा कंबर असते.

खाणं बदलायच्या आधी टेस्ट करायची असेल तर ती नीट करा, कारण चुकीच्या वेळी केलेल्या टेस्टवरून लोक उगाच घाबरतात. टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं, म्हणून रक्त सकाळी ७ ते १० च्या दरम्यान द्यायचं आणि उपाशीपोटी द्यायचं. उपाशीपोटी का, तर २०१३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात ७४ पुरुषांना ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला दिलं, मधुमेह तपासताना देतात ना तेच, तर त्यांचं टेस्टोस्टेरॉन सरासरी २५ टक्के खाली आलं आणि दोन तास खालीच राहिलं. म्हणजे गोड चहा-बिस्कीट खाऊन लॅबमधे गेलात तर आकडा उगाच कमी येऊ शकतो. ताप, मोठं आजारपण, रात्रीची जागरणं चालू असताना करू नका. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा आणि दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा, बायोटिनमुळे काही मशीनवर आकडा चुकतो. आणि एका रिपोर्टवर काही ठरवायचं नाही, वेगवेगळ्या दिवशी दोनदा कमी आलं तरच कमी समजायचं. साधारण ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली टोटल टेस्टोस्टेरॉन आलं आणि सोबत त्रासही असेल, म्हणजे इच्छा कमी होणं, सकाळची ताठरता जाणं, सतत थकवा, तर डॉक्टर त्याला कमी म्हणतात. नुसता आकडा कमी आणि बाकी माणूस ठणठणीत, किंवा नुसता थकवा आणि आकडा उत्तम, या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. थकवा हा झोपेमुळे, थायरॉईडमुळे, बी-१२ मुळे पण येतो.

आता मुख्य विषय, पोट. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त पुरुषांचं दुखणं इथेच आहे.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधे आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३, दिसायला दोघेही बारीक. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. आपल्या लोकांचं शरीर असंच असतं, हातपाय काटकुळे आणि पोटात चरबी साठलेली, म्हणून "माझं वजन तर नॉर्मल आहे" यावर विसंबू नका. टेप घ्या आणि बेंबीच्या लेव्हलला, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. भारतीय पुरुषाला ९० सेंटीमीटरच्या वर कंबर म्हणजे धोक्याची खूण आहे. पँटचा नंबर धरू नका, पँट आपण पोटाच्या खाली घालतो.

पोटाच्या चरबीचा टेस्टोस्टेरॉनशी संबंध दोन बाजूंनी आहे. चरबीच्या पेशींमधे अरोमाटेझ नावाचं एन्झाइम असतं जे टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करून टाकतं, आणि ते इस्ट्रोजेन मेंदूला सांगतं की आता एलएच कमी सोड. दुसरीकडे अशा माणसांमधे इन्शुलिन कायम वाढलेलं असतं आणि त्याने लिव्हर एसएचबीजी नावाचं प्रोटीन कमी बनवतं, टेस्टोस्टेरॉन रक्तात या प्रोटीनला धरून फिरत असतं त्यामुळे टोटलचा आकडा पडतो. (म्हणूनच पोट सुटलेल्या माणसाने डॉक्टरला विचारून एसएचबीजी आणि फ्री म्हणजे प्रोटीनला न चिकटलेलं टेस्टोस्टेरॉन पण बघावं, नुसत्या टोटलवर जाऊ नये.) टाइप २ डायबेटिस असलेल्या पुरुषांमधे साधारण तीनातल्या एकाचं टेस्टोस्टेरॉन कमी सापडतं. आणि चांगली बातमी ही की वजन उतरलं की हे उलटं फिरतं, जेवढं जास्त उतरेल तेवढं जास्त वर येतं.

मग घरात काय बदलायचं? पहिलं चहा. दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर आठ चमचे, म्हणजे ३०-४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून, त्यासोबत बिस्कीट-खारी वेगळी. एकदम बिनसाखरेचा जमत नसेल तर दर आठवड्याला अर्धा अर्धा चमचा कमी करत जा, जीभ सवय करून घेते. गूळ घालून फसू नका, गूळ पण साखरच आहे. दुसरं म्हणजे ताटाची मांडणी. आपल्या ताटात पोळ्या चार, भात एक वाटी, बटाट्याची भाजी आणि वरण पातळ, म्हणजे सगळा पिष्टमय माल. पोळी किंवा भाकरी दोन, भात थोडा किंवा रात्री नाहीच, वरण घट्ट किंवा त्याच्या जागी उसळ, पालेभाजी वाटीभर आणि काकडी-टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर दही घालून, एवढा बदल केला तरी दोन-तीन महिन्यात पट्ट्याचं भोक बदलतं. खायला बसल्यावर आधी कोशिंबीर आणि उसळ खा, मग भाकरी-पोळी, भात सगळ्यात शेवटी, याने जेवणानंतरची साखर कमी चढते. तिसरं म्हणजे संध्याकाळची वेळ, ऑफिस सुटल्यावर स्टेशनबाहेर वडापाव, घरी आल्यावर टीव्हीसमोर फरसाण आणि मग साडेदहाला पूर्ण जेवण. बॅगेत मूठभर भाजलेले चणे-शेंगदाणे ठेवले तर वडापावची गरजच कमी होते.

पण इथेच एक सांगायला पाहिजे, वजन उतरवायचं म्हणून उपाशी राहू नका. शरीराला जेव्हा वाटतं की अन्न मिळतच नाहीये तेव्हा ते पहिल्यांदा प्रजननाचा खर्च बंद करतं, मेंदू एलएच कमी करतो आणि टेस्टोस्टेरॉन घसरतं. दिवसाला ८०० कॅलरीवर राहून रोज दोन तास जिम करणारे तरुण याच कारणाने गळून जातात. महिन्याला दोन किलोपर्यंत कमी होणं पुरे, हळू उतरलेलं टिकतंही.

उपवासाबद्दल बोलायचं तर श्रावण असो की एकादशी, उपवास करायला हरकत काहीच नाही, पण "एकादशी दुप्पट खाशी" असं आपल्याकडे म्हणतात ते खोटं नाही. साबुदाणा खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स, वर केळं, म्हणजे दिवसभर स्टार्च आणि तेल. त्यापेक्षा भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक, भोपळ्याचं भरीत, नारळ, मूठभर शेंगदाणे असा उपवास करा, राजगिऱ्यात प्रोटीनही बरं आहे आणि मॅग्नेशियमही भरपूर.

आता झिंक. टेस्टोस्टेरॉनच्या बाबतीत एकाच खनिजाचं नाव घ्यायचं तर झिंकचं घ्यावं लागेल, आणि हे शोधून काढणारा माणूस आपल्याकडचा होता. डॉ. आनंद प्रसाद, मूळचे बिहारमधल्या बक्सरचे, १९५८ साली इराणमधल्या शिराझला काम करत होते. तिथे त्यांच्याकडे २१ वर्षांचा एक तरुण आला जो दिसायला दहा वर्षांच्या मुलाएवढा, दाढी-मिशी नाही, वृषणं लहान मुलासारखी. तसेच अजून काही सापडले. हे सगळे मुख्यतः बिनखमिराची गव्हाची रोटी खाऊन राहत होते, मांस जवळजवळ नाहीच, आणि मातीही खात होते. पुढे कळलं की गव्हाच्या कोंड्यात फायटेट असतं, ते झिंकला घट्ट धरून ठेवतं आणि पोटात शोषू देत नाही. झिंक दिल्यावर अशी मुलं वाढली. नंतर १९९६ साली प्रसाद यांनीच अमेरिकेत दाखवलं की तरुण पुरुषांच्या जेवणातलं झिंक २० आठवडे मुद्दाम कमी ठेवलं तर टेस्टोस्टेरॉन जवळजवळ चौथाईवर येतं, आणि झिंक कमी असलेल्या म्हाताऱ्या पुरुषांना सहा महिने झिंक दिलं तर जवळजवळ दुप्पट होतं. माणसं थोडीच होती त्या अभ्यासात, पण दिशा स्पष्ट आहे.

आपण पण पोळी-भाकरी-डाळीवर राहणारे लोक, म्हणून हे आपल्याला लागू पडतं. आयसीएमआर-एनआयएन या पोषणावर काम करणाऱ्या सरकारी संस्थेने २०२० मधे पुरुषांसाठी दिवसाला १७ मिलिग्रॅम झिंक सांगितलंय, पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच जास्त, कारण आपल्या धान्या-डाळींच्या जेवणातून झिंक कमी शोषलं जातं. याचा उपाय आपल्या आज्यांच्या हातात कायम होता. मटकी, मूग, हुलगे, वाल भिजवून मोड आणले की फायटेट कमी होतं. आंबोळीचं पीठ रात्रभर आंबवलं, नाचणीची आंबील केली, इडली-ढोकळा केला तरी तेच होतं. म्हणून आठवड्यात चार-पाच दिवस तरी मोड आलेल्या कडधान्याची उसळ व्हायला हवी, नुसती कुकरला लावलेली डाळ नाही. सोबत तीळ, लाल भोपळ्याच्या बिया, काजू, शेंगदाणे. तिळात आणि भोपळ्याच्या बियांत १०० ग्रॅमला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास झिंक असतं. भोपळ्याच्या बिया आपण भाजी चिरताना फेकतो त्या फेकू नका, धुवून वाळवून तव्यावर भाजा, सोलून खा, रोज दोन चमचे. तिळाची चटणी, काळ्या तिळाची किंवा पांढऱ्या, भाकरीसोबत रोज ताटात असू दे.

मांसाहारी असाल तर काम सोपं आहे, मांसातलं झिंक जास्त चांगलं शोषलं जातं आणि सोबतच्या भाकरीतलं झिंक शोषायलाही ते मदत करतं. मटणात १०० ग्रॅमला साधारण चार मिलिग्रॅम. आठवड्यातून एक-दोनदा मटण पुरे, तर्री वाटीभर पिऊन वर चार भाकऱ्या असं नको. आणि कोकण-गोव्याकडच्या लोकांना तर सांगायलाच नको, कालवं म्हणजे झिंकचा खजिना आहे, सगळ्या खाण्याच्या पदार्थांमधे सगळ्यात जास्त झिंक कालवांमधे असतं. सीझनला चार-सहा कालवांचं सुकं नाहीतर आमटी खाल्ली तरी त्या दिवसाचं काम झालं. कच्ची मात्र खाऊ नका, नीट शिजवूनच. खेकड्यात, चिंबोरीतही चांगलं असतं.

झिंकच्या गोळ्यांचं म्हणाल तर कमतरता असेल तरच, आणि डॉक्टरला विचारून. दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर रोज घेत राहिलात तर शरीरातलं कॉपर कमी होतं आणि त्यातून रक्ताचे आणि नसांचे त्रास होतात. मेडिकलमधे सहज ५० मिलिग्रॅमची गोळी मिळते आणि लोक सहा-सहा महिने घेतात, हे करू नका.

फॅटबद्दल लोकांमधे दोन टोकं आहेत. एक गट तेल-तूप पूर्ण बंद करून उकडलेलं खातो, दुसरा व्हिडिओ बघून कॉफीत तूप घालून पितो. २०२१ मधे आधीचे सहा अभ्यास, मिळून २०६ पुरुष, एकत्र करून बघितले गेले तेव्हा कमी फॅटच्या जेवणावर टेस्टोस्टेरॉन साधारण १० ते १५ टक्के कमी झालेलं दिसलं. म्हणून फॅट बंद करायचं नाही. पण त्याचा अर्थ तूप वाढवलं की टेस्टोस्टेरॉन वाढतं असा होत नाही, हार्मोनला लागणारं कोलेस्टेरॉल शरीर स्वतः बनवतं, आणि आपल्या लोकांना हार्ट अटॅक लवकर येतात हे विसरून चालणार नाही. माझं साधं म्हणणं असं, घरी शेंगदाणा, करडई, तीळ, मोहरी यातलं तेल मोजून वापरा, तूप भाकरीवर-भातावर एक-दोन चमचे, आणि बाकीचं फॅट सरळ पदार्थातून येऊ दे, शेंगदाणे, तीळ, खोबरं, जवस, अंड्याचा पिवळा बलक, मासे. विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी असते ती रोज एक चमचा खायला हरकत नाही. वनस्पती तूप मात्र घरातून काढा. २०२२ पासून एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने तेल-तुपात आणि त्यापासून बनणाऱ्या पदार्थांत ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलंय, तरी गाड्यावर तेच तेल दिवसभर उकळत असतं, त्याला कोण बघतंय.

अंड्याचा पिवळा बलक काढून फेकू नका. जिमला जाणारी मुलं सहा पांढरे खातात आणि पिवळे कुत्र्याला घालतात, तर व्हिटॅमिन डी, झिंक, कोलीन सगळं त्या पिवळ्यात आहे. ज्याला हार्टचा किंवा कोलेस्टेरॉलचा आजार नाही त्याने रोज एक-दोन पूर्ण अंडी खाल्ली तर चालतात.

प्रोटीनचं गणित थोडक्यात. आयसीएमआरप्रमाणे किलोला ०.८३ ग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ५८ ग्रॅम हे कमीत कमी. वजन उतरवताय आणि व्यायाम करताय तर ७०-८५ पर्यंत घ्या. एका अंड्यात ६, पनीर १०० ग्रॅममधे साधारण १८, सोया चंक्स सुके ५० ग्रॅम म्हणजे २५ च्या आसपास, घट्ट वरणाची वाटी ६-७, मूठभर शेंगदाणे ७-८. शाकाहारी घरात सकाळच्या पोह्यातच गडबड होते, नुसते पोहे म्हणजे भातच, त्यात भरपूर दाणे घाला, वर वाटीभर मोडाचे मूग घाला, नाहीतर सोबत दही-ताक घ्या. पण याचंही टोक गाठू नका, जेवणातल्या एकूण कॅलरीत प्रोटीन ३५ टक्क्यांच्या वर नेलं, म्हणजे दिवसभर चिकन ब्रेस्ट आणि पावडर एवढंच, तर टेस्टोस्टेरॉन उलट कमी होतं असं दिसलंय. किडनीचा त्रास असेल त्याने हे सगळं डॉक्टरला विचारूनच करायचं.

सोयाबीनचं नाव आलंच आहे तर तो गैरसमज पण मिटवून टाकू. सोया खाल्ल्याने पुरुष बायकी होतो असं पोरं एकमेकांना सांगतात. २०१० आणि २०२१ साली अनेक अभ्यास एकत्र करून बघितले, टेस्टोस्टेरॉनवर काहीही परिणाम नाही. एका साठ वर्षाच्या माणसाला छाती वाढल्याची केस छापून आली होती खरी, पण तो रोज जवळजवळ तीन लिटर सोया मिल्क पीत होता. आपण आठवड्यातून दोनदा सोया चंक्सची भाजी करतो, त्याने काही होत नाही, बिनधास्त खा, लातूर-अकोल्याकडे तर सोयाबीन पिकतंच आपल्याकडे.

व्हिटॅमिन डी आपल्याकडे इतकं ऊन असून कमी निघतं, कारण आपण दिवसभर आत बसतो. बांगडा, तारली, पेडवे हे स्वस्तातले तेलकट मासे यासाठी उत्तम, ओमेगा-३ पण मिळतं, सुरमई-पापलेटच्या मागे धावायची गरज नाही. शाकाहाऱ्यांना जेवणातून पुरेसं मिळणं अवघडच आहे म्हणून ऊन घ्या, कमी निघालं तर डॉक्टर देतील तो डोस घ्या. कमतरता भरून काढायची, त्यापुढे डी घेत राहून टेस्टोस्टेरॉन चढतं असं नीट केलेल्या अभ्यासांत दिसलेलं नाही. मॅग्नेशियमसाठी वेगळं काही करायला नको, बाजरी, ज्वारी, नाचणी, तीळ, चवळीची पालेभाजी, शेपू, मेथी खाणाऱ्याला ते मिळतं. मैदा आणि पांढरा पाव खाणाऱ्याला मिळत नाही.

ज्येष्ठमधाबद्दल एक वेगळी सूचना देतो कारण हे फार कमी जणांना माहिती असतं. १९९९ साली इटलीतल्या डॉक्टरांनी सात पुरुषांना रोज सात ग्रॅम ज्येष्ठमध दिलं तर चार दिवसात त्यांचं टेस्टोस्टेरॉन बरंच खाली आलं, बंद केल्यावर परत वर गेलं. घसा बसला म्हणून दोन दिवस कांडी चघळली तर घाबरायचं कारण नाही, पण रोजच्या काढ्यात, चहा मसाल्यात महिनोन्महिने घालत असाल तर थांबवा, त्याने बीपी पण वाढतं.

आता अश्वगंधा, शिलाजीत, गोखरू. अश्वगंधाचे छोटे अभ्यास आहेत ज्यात १०-१५ टक्के वाढ दिसली, म्हणजे ४०० चं ४५० वगैरे, ताण आणि झोप यावर थोडा उपयोग होतो म्हणूनही असेल. पण काही लोकांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, डेन्मार्कने २०२३ मधे त्यावर बंदी घातली, आणि थायरॉईडची गोळी चालू असेल तर गडबड होऊ शकते. घ्यायचंच असेल तर वैद्यांना विचारून, मर्यादित काळ, आणि डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर त्याच दिवशी बंद. गोखरूने माणसांमधे टेस्टोस्टेरॉन वाढत नाही, बऱ्याच अभ्यासात बघून झालंय. शिलाजीतचा एखाददुसरा छोटा अभ्यास आहे, पण बाजारात शुद्ध किती आणि भेसळ किती हे सांगता येत नाही. कांदा-लसूण भरपूर खा, पण त्याने टेस्टोस्टेरॉन वाढतं हे मुख्यतः उंदरांवरचं काम आहे.

दारू. हे स्पष्टच लिहितो. रोजची क्वार्टर थेट वृषणातल्या पेशींना मारते, लिव्हर बिघडलं की इस्ट्रोजेन वाढतं, छाती वाढते, झोप मोडते, आणि सोबतच्या चकल्या-शेव-तळलेल्या चकण्याने पोट सुटतं ते वेगळंच. रोज पिणाऱ्या माणसाने भोपळ्याच्या बिया खाऊन उपयोग नाही. यादीतली दुसरी कुठलीही गोष्ट करायच्या आधी दारू सोडा. खूप वर्षांची रोजची सवय असेल तर मात्र एका दिवसात स्वतःच्या मनाने बंद करू नका, हातपाय कापणं, फीट येणं असं होऊ शकतं, डॉक्टरच्या मदतीने सोडा.

झोप ही खाण्याची गोष्ट नाही पण रात्रीच्या जेवणाशी बांधलेली आहे म्हणून सांगतो. शिकागोत २०११ साली दहा तरुणांना आठ रात्री फक्त पाच तास झोपू दिलं, दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के कमी झालं. जो माणूस साडेदहाला भरपेट जेवतो, बाराला झोपतो आणि साडेपाचची लोकल पकडतो त्याने काय करायचं? संध्याकाळी सातला ऑफिसमधेच डब्यातली उसळ-भाकरी खाऊन घ्या आणि घरी आल्यावर नुसतं ताक किंवा वाटीभर सूप, मग लवकर पडता येतं. बायको-मुलांसोबत जेवायचं राहून जातं हे खरं आहे, तर सुट्टीच्या दिवशी तरी सगळ्यांनी साडेसातला जेवा. घोरणं खूप असेल आणि दिवसा डुलक्या लागत असतील तर स्लीप अप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार, तपासून घ्या.

एक दिवस कसा दिसेल ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. सकाळी कमी साखरेचा चहा, नाश्त्याला दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि एक ज्वारीची भाकरी, किंवा मूग डाळीचं धिरडं नाहीतर दाणे-मूग घातलेले पोहे. अकराच्या सुमारास एक पेरू किंवा संत्रं आणि दोन चमचे भोपळ्याच्या बिया. दुपारी डब्यात दोन भाकऱ्या किंवा पोळ्या, मटकीची उसळ, मेथीची नाहीतर चवळीची भाजी, तिळाची चटणी, कोशिंबीर, ताक. संध्याकाळी भाजलेले चणे-शेंगदाणे. रात्री बांगड्याचं तिखलं आणि थोडासा भात, किंवा शाकाहारी असाल तर घट्ट वरण, पनीर किंवा सोयाची भाजी, एक भाकरी. यात महाग काहीच नाही, आणि घरात वेगळा स्वयंपाक पण करावा लागत नाही, बायको-मुलं-आईवडील सगळ्यांना हेच ताट चालतं. उलट स्वयंपाक करणारीवर नवीन ओझं टाकू नका, कडधान्य भिजत घालणं आणि बिया भाजणं एवढं तरी आपल्या हाताने करा.

आता जेवणाने जे होणार नाही ते. गालगुंड झाल्यावर वृषणाला सूज येऊन गेलेली असेल, जन्मापासून गुणसूत्राचा दोष असेल, पिट्युटरीत गाठ असेल, प्रोलॅक्टिन हा पिट्युटरीतला दुसरा हार्मोन वाढलेला असेल, काही औषधं बरीच वर्षं चालू असतील, तर कितीही चांगलं खाल्लं तरी लेव्हल येणार नाही. डोकेदुखी आणि नजर कमी होणं, छातीतून द्रव येणं, वृषणात गाठ लागणं, मूल होत नसणं, यातलं काहीही असेल तर तीन महिने डाएट करून बघू असं म्हणत बसू नका, लगेच एंडोक्रिनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) किंवा युरॉलॉजिस्टकडे जा. डॉक्टर एलएच, प्रोलॅक्टिन वगैरे बघून कारण शोधतात.

आणि तरुणांना हात जोडून सांगणं आहे, जिममधे कोणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देऊ केलं तर घेऊ नका. बाहेरून आलं की मेंदू एलएच बंद करतो, वृषणं आकसतात, शुक्राणूंची संख्या अगदी शून्यावर जाऊ शकते आणि परत यायला महिने, कधीकधी वर्षं लागतात. लग्न ठरलंय, पुढे मूल हवंय असा मुलगा हे करतो तेव्हा त्याला हे कोणी सांगितलेलंच नसतं. खरंच गरज असलेल्या माणसालाही हे डॉक्टरच देतात, आणि मूल हवं असेल तर वेगळी औषधं देतात.

बाकी, वर लिहिलेलं सगळं एकदम सुरू करायला जाऊ नका. पहिल्या महिन्यात दारू आणि चहातली साखर, दुसऱ्यात मोडाची उसळ आणि लवकर जेवण, असं जमेल तसं घ्या. कंबर दर पंधरा दिवसांनी मोजून कॅलेंडरवर लिहा. तीन ते सहा महिन्यांनी टेस्ट परत करा, त्याच लॅबमधे, सकाळी, उपाशीपोटी, कारण वेगवेगळ्या लॅबच्या पद्धती वेगळ्या असतात आणि आकडे जुळत नाहीत. कंबर कमी झाली, झोप सुधारली आणि तरीही दोनदा ३०० च्या खालीच आलं, तर दोन्ही वेळचे रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे जा आणि काय काय होतंय ते न लाजता सगळं सांगा.